निजलेला भोवरा

१

अंबिकाचं कुणी ऐकलं नाही. हे ती आता बोलत नाही, कारण हे ऐकायलाही कुणी थांबत नाही. पण पहिल्या दिवसापासून तिनं सांगितलं होतं, हे ती कुणाच्याही तोंडावर सांगेल. मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाईला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरलासुद्धा सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. मान हलवायला कुणाचं काय जातं.

सुरुवात स्वेटरपासून झाली.

नानाखेड्याला बस स्टँडच्या मागे त्यांची कॉलनी. तीन मजली बिल्डिंग, खाली गाड्या लावायची जागा, दुसऱ्या मजल्यावर यांचं घर. घरात मुलगा केदार, सून पूजा, त्यांची सात वर्षांची भार्गवी आणि अंबिका. नवरा विनायक रेल्वेत होता. तो गेला तेव्हा केदार शाळेत होता, आणि पुढचं सगळं अंबिकानं लोकांचे डबे करून ओढलं. स्वतः पाचवीपर्यंत शिकलेली बाई, पण पोराला इंजिनियर केलं. आता तो फ्रीगंजमधल्या एका ऑफिसात बसतो आणि आईशी बोलताना मोबाइलमधून मान वर काढत नाही.

केदार-पूजा कामावर, दुपारी घरात आजी-नात दोघीच असायच्या. भार्गवी शाळेच्या व्हॅनमधून यायची, आजीच्या हातचं वरण-भात खायची आणि गॅलरीत उन्हाला जाऊन बसायची. अंबिका भांडी घासायची. ओट्यासमोरच्या खिडकीतून गॅलरी दिसते, त्यामुळे हात भांड्यात आणि डोळा पोरीवर, असं तिचं चालायचं.

थंडीचे दिवस होते. त्या दुपारी तिनं मान वर केली तेव्हा भार्गवी गॅलरीच्या मधोमध पाठमोरी उभी होती. हात खाली, पाय जुळवलेले, अंगात केशरी स्वेटर. अंबिकानं कढईला राख लावली, ती घासली, पाण्याखाली धरली. मग तिचे हात थांबले.

घरात केशरी स्वेटर नव्हता. भार्गवीच्या अंगात होता तो अंबिकानंच विणला होता, उरलेल्या लोकरीचा, लाल आणि पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा. उभे पट्टे विणणं महाकटकटीचं काम, आडवे पटापट होतात. पण पोरीला उभेच हवे होते, म्हणून तिनं दिवाळीभर डोळे फोडले होते. ते पट्टे तिला झोपेतही मोजता आले असते.

तिनं पुन्हा पाहिलं. केशरी. एकसारखा, पट्टा म्हणून नाही.

ओले हात तसेच घेऊन ती गॅलरीत गेली. भार्गवी कठड्याला टेकून खाली बसलेली. लाल पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. चेहरा झोपेतून उठल्यासारखा.

रात्री जेवताना अंबिकानं सांगितलं. पूजा म्हणाली, आई, ऊन तिरपं येतं ना हल्ली. केदार म्हणाला, तुझा चष्मा दाखवून घे.

२

त्या वर्षी कॉलनीत भोवऱ्याचं वेड आलं होतं. क्षिप्रेच्या काठी कार्तिकाचा मेळा भरतो, तिथून कुणाच्या तरी बापानं पोरांना लाकडाचे भोवरे आणले, मग एकाचं बघून सगळ्यांनी आणले. पोरं मोबाइल सोडून खाली दोऱ्या गुंडाळत बसायला लागली, म्हणून आयाही खूश. गाड्या लावायच्या जागेच्या पलीकडे थोडी माती उरलेली आहे, तिथं रिंगण आखलं गेलं आणि संध्याकाळभर आरडाओरडा.

अंबिका वरून बघायची आणि तिचे हात शिवशिवायचे. देवासला माहेरच्या गल्लीत ती मुलांच्या बरोबरीनं भोवरा खेळलेली. मुलगी म्हणून कुणी सूट दिली नाही आणि तिनं मागितलीही नाही. तिचा भोवरा निजायचा. म्हणजे कसं, भोवरा चांगला सुटला, जोर नीट लागला की तो डगमगत नाही, जागचा हलत नाही, एका जागी इतका फिरतो की फिरतोय हे कळतच नाही. उभाच्या उभा, शांत. नुसती बारीक घूं. त्याला निजला म्हणायचं. तिनं आपल्या भोवऱ्याच्या डोक्यावर हळद आणि कुंकवाच्या फाका ओढल्या होत्या, एक पिवळी एक लाल, आणि तो निजला की त्या फाका नाहीशा होऊन सगळं डोकं केशरी व्हायचं.

हे तिला तेव्हाच आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

खेळाचे नियम देवासला होते तेच इथे होते, फक्त बोली वेगळी. ज्याचा भोवरा आधी पडला तो मेला. मेलेला भोवरा रिंगणात ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या भोवऱ्याच्या लोखंडी आरेनं त्याला ठोसे मारायचे. लाकडावर खोच पडते, ती पडू द्यायची. मार खाणाऱ्यावर राज्य. इथली पोरं राज्य म्हणत नाहीत, दाम म्हणतात, आज दाम किसपे है. रिंगणातल्या भोवऱ्याला हात मात्र लावायचा नाही. ठोसा बसून तो आपसूक रेषेबाहेर गेला तरच सुटला. कुणी हातानं उचलला तर उचलणाऱ्यावर राज्य, मग तो कुणीही असो, खेळात असो नसो. आणि राज्य न देता कुणी घरी पळालाच, तर रिंगणाच्या काठाशी उभं राहून त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की राज्य त्याच्याकडे जातं, तो खाटेखाली लपला असला तरी. नाव खरं पाहिजे. उगाच दुसऱ्याचं नाव घेतलं तर डाव मानत नाही.

भार्गवीला भोवरा नव्हता. एका रविवारी केदार तिला नवी गाडी धुवायला म्हणून खाली घेऊन गेला आणि दोघं वर आली तेव्हा पोरीच्या मुठीत भोवरा होता. केदार म्हणाला, हिला खाली सापडला, खेळू दे, मोबाइल तरी सुटेल. भार्गवीनं बापाकडे पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं.

अंबिकानं भोवरा हातात घेतला. मेळ्यातला नव्हताच तो. जुनं काळपट लाकूड, रंगाचा मागमूस नाही, आणि अंगभर खोचा. खोचेवर खोच, बोट टेकायला जागा नाही. इतका मार खाल्लेला भोवरा तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. खाली कुणाचं तरी पोर रडत असेल, देऊन या, असं ती म्हणाली. केदार म्हणाला की कुणाचा नव्हता तो.

भार्गवीला दोरी गुंडाळायला तिनंच शिकवलं. पण भोवरा फिरेना. पोरीनं टाकला, दगडासारखा पडला. अंबिकानं पदर खोचून स्वतः टाकला, देवासच्या गल्लीत टाकायची तसा, मनगटाला झटका देऊन. फरशीवर ठक्क करून आडवा झाला. अर्धा गरकासुद्धा नाही.

तिनं तो माळ्यावर टाकून दिला. मग दोन-चार दिवसांनी तो केशरी स्वेटर.

३

कॉलनीतली लाइट दुपारी जायची. लाइट गेली की फ्रिज बंद, पंखा बंद, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची घरघर बंद, घर कसं एकदम रिकामं वाटतं. अशाच एका दुपारी अंबिका तांदूळ निवडत बसली होती आणि तिच्या कानाला घूं ऐकू आली.

आधी तिला वाटलं फ्रिज. मग आठवलं की लाइट नाही. मग वाटलं गांधीलमाशी, पडद्यात अडकली असेल. ती उठून पडदे झटकत फिरली. बेडरूममध्ये आवाज कमी, बैठकीत जास्त. गॅलरीच्या दाराशी गेली तेव्हा तो दातांत उतरला.

भार्गवी उभी होती, तशीच मधोमध. केशरी. तिची वेणी कुठे होती ते अंबिकाला दिसेना. दोन्ही खांद्यांवर नव्हती, पाठीवर नव्हती. मानेभोवती नुसती एक काळसर धुरकट कड होती.

अंबिका भित्री बाई नाही. नवरा गेल्यावर एकटीनं पोरगं वाढवलंय तिनं, दारूड्या घरमालकाला लाटणं दाखवलंय. पण तिच्यानं त्या दारातून पाय पुढे टाकवला नाही. तिनं हाक मारली, भारू. दोनदा मारली. मग लाइट आली, फ्रिज घरघरला, आणि पोरगी मटकन खाली बसली. वेणी पाठीवर, जिथे असायला हवी तिथे.

कुशीत घेतलं तर अंग गार आणि पाऊल पेटलेलं. उजवं पाऊल. मोज्याला तळव्याच्या मधोमध भोक पडलेलं, रुपयाएवढंही नाही, पण कडा काळ्या. अंबिकानं विचारलं, काय करत होतीस गं उभी राहून.

"झोपले होते, आजी."

"उभ्यानं?"

"छान झोप लागते. पण कुणीतरी मोजत असतं."

कोण मोजतं, ते तिला सांगता येईना. खाली तर मुलं नव्हती, सगळी शाळेत नाहीतर घरात. पण मोजणं काय असतं हे अंबिकाला सांगायला नको होतं. भोवरा निजला की पोरं भोवती उकिडवी बसून मोजतात, किती वेळ टिकतो ते. आणि कुठलाच भोवरा कायमचा टिकत नाही. झोप मोडते, मग तो डुलायला लागतो, डुलता डुलता पडतो, आणि सगळी एकदम ओरडतात, मेला.

४

तिनं सांगितलं. मोजे दाखवले. पूजा म्हणाली, हल्ली मोजे तकलादूच येतात. त्यावर अंबिकानं विचारलं की तकलादू आहेत तर डावे का फाटत नाहीत, आणि पूजानं केदारकडे पाहिलं. केदारनं आईला दुसऱ्याच दिवशी डोळे तपासायला धाडलं.

फ्रीगंजमधल्या त्या डॉक्टरनं हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, हवा मारली, अक्षरं वाचून घेतली. अंबिकानं त्यालाही विचारलं की दोन रंग एक कसे दिसतात. तो म्हणाला, माताजी, उम्र है. त्यानं नवा नंबर दिला. नवा चष्मा आला आणि तिला ते सगळं आधीपेक्षा स्वच्छ दिसायला लागलं, एवढाच काय तो उपयोग.

स्वच्छ म्हणजे असं. गॅलरीच्या फरशीवर खड्डे होते. मोहरीच्या दाण्याएवढे, गोल, मधोमध एकाला एक लागून. मातीत भोवऱ्याची आर फिरली की असेच पडतात. पण ही चकचकीत टाइल होती, केदारनं घर घेतल्यावर हौसेनं बसवलेली. आणि झाडायला गेलं की खड्ड्यांभोवती धूळ गोल जमलेली असायची, आत स्वच्छ, बाहेर रेघ. अंबिका ती झाडून टाकायची. दुसऱ्या दुपारनंतर पुन्हा गोल.

खड्डे केदारच्या नजरेस पडले तेव्हा तो खवळला. आई इथे खलबत्ता घेऊन बसते, मिरे कुटते, फरशी फोडली. अंबिका म्हणाली, वाकून बघ तरी, बत्त्यानं असं भोक पडतं का. वाकून बघायला त्याला वेळ नव्हता. त्यानं भार्गवीला विचारलं, तू केलंस का. पोरीनं उजवं पाऊल मागे ओढलं. म्हणजे हिनंच केलं, असं ठरवून तो तिला बोलला, आणि मध्ये पडल्याबद्दल आईलाही बोलला. हे तिच्या डोक्यात भरवणं बंद कर, नाहीतर तिला इंदूरला आजोळी ठेवीन, तू बस इथं एकटी भूतं मोजत.

लहानपणापासून त्याचं हेच. शेजाऱ्याची काच फुटली तर नाव मावसभावाचं. वर्गात शाई सांडली तर नाव बाकावरच्या पोराचं. आणि कुणी दारात भांडायला आलंच तर अंबिका पदर खोचून पुढे व्हायची आणि म्हणायची, माझ्याकडून झालं, काय करायचं ते मला करा. पोराच्या वाट्याचं राज्य आईनं द्यायचं, हे त्या घरात इतकं मुरलं होतं की दोघांनाही त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

भार्गवी वाळत चालली. गळ्याची हाडं वर आली. जेवताना ती किंचित डावीकडे कलायची आणि सरळ व्हायची. कलायची आणि सरळ व्हायची. कॉलनीतल्या डॉक्टरनं टॉनिक लिहून दिलं. पूजाला वाटलं वाढीचं वय आहे.

अंबिकाला ते कलणं ओळखू आलं. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

५

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरून भोवरा काढला आणि खाली गेली. पोरं रिंगणाभोवती होती. तिनं विचारलं, हा कुणाचा. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

वरच्या मजल्यावरची निहारिका पुढे आली. दहा वर्षांची, दोन दात पडलेली, जिभेला हाड नाही. अंबिकाला ती पोरगी आवडायची, आपल्यावर गेलीय असं वाटायचं. ती म्हणाली की तो रिंगणात होता.

होता म्हणजे कुणी ठेवला, मेला कुणाचा, अंबिकानं खोदून विचारलं. ते कुणाला सांगता येईना. त्या रविवारी सगळे खेळत होते, रिंगणात भोवरा होता आणि सगळे त्याला ठोसे मारत होते. जो तो समजत होता की दुसऱ्याचा आहे. नंतर ध्यानात आलं की सगळ्यांच्या हातात आपापला आहे.

"फिर उठाया किसने? भार्गवीने?" अंबिकानं विचारलं.

"भार्गवीने नहीं, आजी. अंकलने. उनको वहाँ गाड़ी लगा के धोनी थी। हमने बोला, हाथ मत लगाओ, दाम चढ़ जाएगा। वो हँसे, और उठा के भार्गवी को पकड़ा दिया।"

बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, अंकलनी अजून दाम दिलेलं नाही. तो अगदी साधेपणानं म्हणाला, जसं पोरं एकमेकांना म्हणतात. राज्य बापाचं, आणि भोवरा पोरीच्या हातात दिल्यामुळे ते ती देत होती.

अंबिकानं भोवरा रिंगणात ठेवायला हात पुढे केला. सगळी पोरं मागे सरकली. निहारिका म्हणाली, असं चालत नाही, ज्यानं उचलला त्यानंच ठेवायचा. अंबिकाला ते ठाऊक होतं. तरी तिनं ठेवून पाहिला. भोवरा रेषेच्या आत पडला आणि घरंगळून तिच्या चपलेशी आला. जमीन सपाट होती.

जिना चढताना तिनं तो पदरात धरला होता. वर येऊन पाहिलं तर त्याच्यावर दोन खोचा ताज्या होत्या, आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. इतके दिवस तो माळ्यावर होता, गाद्यांच्या मागे.

६

केदार घरी आला तशी ती त्याच्यासमोर उभी राहिली. चहासुद्धा टाकला नाही. म्हणाली, हा तू उचललास, खाली जा आणि होता तिथे ठेव, बाकी मला काही नको.

त्यानं आधी हसून पाहिलं. मग म्हणाला, मी कशाला उचलू, भार्गवीला सापडला. भार्गवी दारात उभी होती. अंबिकानं तिला विचारलं नाही. सात वर्षांच्या पोरीला बापाविरुद्ध उभं करायचं नसतं. तिनं निहारिकाचं नाव सांगितलं, सगळ्या पोरांनी पाहिल्याचं सांगितलं.

"आई, तू पोरांच्या खेळावरून माझी चौकशी लावलीयस?"

"चौकशी नाही. हात जोडते. पाच मिनिटांचं काम आहे रे. ठेव आणि वर ये. मी खोटी निघाले तर उद्यापासून माझं तोंड बंद."

पूजा म्हणाली, जाऊन या ना, त्यांच्या समाधानासाठी. ती एवढंच म्हणाली आणि तेवढ्यानंच सगळं बिघडलं. बायकोसमोर आईचं ऐकलं असं दिसायला नको होतं केदारला. तो म्हणाला, या घरात सगळ्यांना वेड लागलंय. भोवरा त्यानं अंबिकाच्या हातातून ओढून घेतला आणि शूच्या कपाटावर आपटला.

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. अंबिका अंघोळीला गेली होती. बाहेर आली तेव्हा केदार जिन्यातून हात झटकत वर येत होता. गेला तुझा भोवरा, म्हणाला, आता शांतपणे पोहे कर.

ती चप्पल न घालता खाली धावली. गाडी वळणावर गेली होती. वळणापर्यंत पळाली, तिथून दिसेनाशी झाली. लोक बघत होते. ओली बाई, केस मोकळे, कचऱ्याच्या गाडीमागे. तेच दृश्य नंतर सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आणि म्हणूनच पुढे कुणी तिचं ऐकलं नाही.

तिला कळत होतं काय झालंय ते. ठेवायला आता काही उरलं नव्हतं. राज्य मात्र होतं तिथेच होतं.

७

रविवार. सोमवारी भार्गवीला इंदूरला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. पोरगी आता चालतानाही कलायला लागली होती, भिंत धरून जायची. पूजा जेवणं आटोपून फ्रीगंजला गेली, दवाखान्यात राहावं लागलं तर लागणारं सामान आणायला. केदार आतल्या खोलीत आडवा झाला. दार लोटलेलं, पण पलंग करकरतो तो बैठकीत ऐकू येतो.

अंबिकानं त्या दिवशी भांडी घासली नाहीत. पोरीला मांडीवर घेऊन ती बैठकीत बसून राहिली, दोन्ही हातांचा वेढा घालून. गॅलरीचं दार लावून घेतलेलं. ऊन काचेतून आत येत होतं. तिला डुलकी लागली नव्हती. हे तिनं नंतर शंभरदा सांगितलं, की डुलकी लागली नव्हती, मी जागी होते. पण तिच्या हातांच्या वेढ्यात काही नव्हतं, आणि गॅलरीचं दार उघडं होतं.

घूं सुरू झाली. या वेळी कानांना बारीक वाटेना. ओट्यावरची भांडी एकमेकांना लागून किणकिणत होती.

भार्गवी खड्ड्यांवर उभी होती. केशरी. भोवतीची धूळ तिच्या डोळ्यांदेखत सरकत सरकत गोल झाली आणि थांबली. अंबिका रेषेपर्यंत गेली. पोरगी पाठमोरी होती. मग तिनं नव्या चष्म्यातून नीट पाहिलं. पाठमोरी नव्हती. समोरून चेहरा होता. ती एक पाऊल बाजूला झाली, तिथूनही चेहराच होता. कठड्याला पाठ घासत ती पलीकडच्या बाजूला गेली आणि तिथेही भारूचा झोपलेला चेहरा तिच्याकडेच होता, पापण्या मिटलेल्या, तोंड थोडं उघडं, शांत.

तिनं हात पुढे केला. रेषेच्या आत बोटं गेली तशी हातातली काचेची बांगडी निघाली, फुटली नाही, निघाली, आणि भिंतीवर जाऊन आपटली. बोटं बधिर झाली.

खाली पोरं नव्हती. तरी कुणीतरी उकिडवं बसून आहे, गोल करून, असं तिला वाटत होतं. मोजणं तिला ऐकू आलं नाही. पण मोजणं थांबलं ते तिला कळलं, कारण त्याच क्षणी भार्गवी डुलली.

अगदी थोडी. डोकं डावीकडे गेलं आणि सावरलं. मग केशरीतून एक लाल रेघ दिसली आणि बुडाली. एक पिवळी. मग पुन्हा लाल, जास्त वेळ. ज्यानं भोवरा खेळलाय त्याला हे सांगावं लागत नाही. यानंतर वेळ नसतो.

अंबिका रेषेच्या काठाशी उभी राहिली, पाय जुळवून, जशी देवासला उभी राहायची. म्हणाली, माझ्यावर राज्य. अंबिकावर. मी घेतलं.

भार्गवीचा कल वाढला.

ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, पदर खोचून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना म्हणायची तसं. माझ्याकडून झालं, काय करायचं ते मला करा. अंबिका, विनायकची बायको, मी उचलला. तिचा आवाज सगळ्या गॅलरीत भरला आणि त्या घूंमध्ये कुठे गेला ते कळलं नाही. पोरीचं डोकं आता एवढं मोठं वर्तुळ काढत होतं की एका फेरीला ते कठड्याबाहेर जाऊन येत होतं. लाल, पिवळा, लाल, पिवळा. पट्टे मोजता येत होते.

आतल्या खोलीत पलंग करकरला. तो कूस बदलत होता. कूस बदलताना त्याच्या घशातून एक बारीक आवाज येतो, पाळण्यात होता तेव्हापासून येतो, आणि तो ऐकून अंबिका इतकी वर्षं दर रात्री निश्चिंत झोपलीय. तो आवाज आला. तिनं ऐकला.

मग तिनं रेषेकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि ज्यानं उचलला होता त्याचं नाव घेतलं.

केदार.